केसपेपरवरची ती एक ओळ

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. नंतर दोनदा येऊन विचारलं, तर तुम्ही ते हॉस्पिटल सोडलं एवढंच कळलं. म्हणून हे असं उघड लिहितोय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

ऑगस्ट 2022, रात्रपाळी. पहाटे पावणेतीनला मला चाकणहून तुमच्याकडे आणलं, उजव्या हाताला मशीन पुसायचं कॉटन वेस्ट गुंडाळलेलं. बरोबर सुपरवायझर आणि ठेकेदाराचा माणूस. "कशानं झालं?" तुम्ही विचारलंत. मी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर म्हणाला, "टेम्पोच्या फाळक्यात सापडलं." गाडीतच मला पढवलं होतं. प्रेस मशीनचं नाव काढलंस तर पोलीस येतील, आणि मग खर्च तुझा तू बघ.

तुम्ही कॉटन वेस्ट सोडलं. हाताला ग्रीस, आणि तर्जनीची दोन पेरं गेलेली. त्या दोघांना तुम्ही डिपॉझिट भरायला काउंटरवर पिटाळलंत आणि हळूच म्हणालात, "फाळक्यात बोट चेंगरतं रे, असं सरळ नाही कापलं जात. खरं सांग."

मग सांगितलं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच स्ट्रोक यावा, म्हणजे वरचा साचा खाली यावा, अशी त्या पॉवर प्रेसची सोय. पण टार्गेट गाठायचं म्हणून एका बटणावर टेप मारून ठेवलेली. सुरक्षेचा सेन्सर महिनाभर बंदच. डायमध्ये, म्हणजे साच्यात, जॉबचा तुकडा अडकला, मी डाव्या हातानं बटणाशी आणि उजव्यानं जॉबशी झटत होतो. टेप मीच लावली होती, हेही सांगितलं. तुम्ही काही बोलला नाहीत. केसपेपरवर लिहिलंत, 'कंपनीत पॉवर प्रेसवर काम करताना', पुढे वेळ. डॉक्टर आल्यावर त्यांनाही माझ्याच तोंडून वदवलंत.

सिस्टर, पुढचं सगळं त्या ओळीवर चाललं. माझ्या 14,000 पगारातून दरमहा 105 रुपये ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, कापायचे. ते कशाचे, हे मला बोट जाईपर्यंत ठाऊक नव्हतं! कंपनीनं अपघाताचा रिपोर्ट पाठवलाच नव्हता. ईएसआयच्या शाखा कार्यालयातल्या साहेबांनी तुमचा केसपेपर पाहिला, कंपनीकडून हजेरी आणि त्या रात्रीचं प्रॉडक्शन शीट मागवलं, मग फॉर्म 12, म्हणजे कंपनीचा तो अपघाताचा रिपोर्ट, आपोआप आला. टेपचं मी तिथंही कबूल केलं. आता सगळं बुडालं असं वाटलं, पण साहेब म्हणाले, नियम मोडून का होईना, काम मालकाचंच करत होतास ना? मग ती कामावरचीच दुखापत.

सात आठवडे घरी होतो. दर आठवड्याला सर्टिफिकेट न्यायचं आणि पगाराच्या 90 टक्के ईएसआयकडून खात्यात. ठेकेदारानं "आता येऊ नकोस" असा निरोप धाडला होता. हा लाभ चालू असताना कामावरून काढता येत नाही, हे साहेबांनीच फोन करून त्याच्या कानावर घातलं. पुढे मेडिकल बोर्ड बसलं. तर्जनीची दोन पेरं म्हणजे कमावण्याची ताकद 11 टक्के गेली, असा कायद्यातल्या तक्त्याचा हिशोब. महिन्याला 1400 च्या आतबाहेर येतात, आणि जन्मभर येणार. टेम्पोच्या फाळक्याला यातलं काहीच मिळालं नसतं.

फॅक्टरी इन्स्पेक्टरही येऊन गेले. दोन दिवसांत सेन्सर चालू झाला. इतके दिवस "पार्ट मिळत नाही" म्हणत होते, तो पार्ट कुठून उगवला देव जाणे.

मी आता पॅकिंगला आहे. त्या प्रेसवर नवा पोरगा आलाय, आमच्या लातूरकडचाच. परवा जेवणाच्या सुट्टीनंतर पाहिलं, तर बटणावर पुन्हा टेप. मी जाऊन मेन स्विच पाडला. सुपरवायझर ओरडत आला, कुणी बंद केलं म्हणून. पोरानं माझ्याकडे पाहिलं. "मी," म्हटलं, "लिहून घ्या."

तुमचा,
चाकणचा तो ऑपरेटर