घुमट नव्हे, वाडगा : उलट्या छायाचित्रामुळे बदललेली प्रजाती

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत उत्तर अमेरिकेतील जाळी विणणाऱ्या कोळ्यांवर आलेला सचित्र लेख मी आवडीने वाचला. एवढ्याशा आणि उपद्रव नसलेल्या जिवाला अर्धे पान मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि त्याबद्दल संपादकांचे आभार मानायलाच हवेत. मात्र लेखासोबतचे मुख्य छायाचित्र उलटे छापले गेले आहे. एरवी अशा चुकीकडे दुर्लक्ष करता आले असते, पण येथे चित्र फिरल्यामुळे कोळ्याची प्रजातीच बदलली, आणि चित्राखालच्या ओळीत तीच चुकीची प्रजाती नावानिशी नोंदवली गेली. म्हणून हे पत्र.

छायाचित्रात दवाने भिजलेले घुमटाकार जाळे दिसते, घुमटाच्या माथ्यावर एक छोटा कोळी उभा आहे आणि खाली ‘नेरिएने रॅडिएटा’ असे नाव दिले आहे. नेरिएने रॅडिएटा हा कोळी खरोखरच घुमटाच्या आकाराचे, सुमारे १० ते १२ सेंटीमीटर व्यासाचे झिरझिरीत जाळे विणतो, त्यामुळे नाव देणाऱ्याने घुमट पाहून ते दिले असणार हे उघड आहे. परंतु तोच अंक हातात उलटा धरून पाहावा. घुमटाचा वाडगा होतो, त्या वाडग्याच्या खाली ताणलेली दुसरी, जवळजवळ सपाट चादर जागेवर येते, आणि माथ्यावर उभा वाटणारा कोळी वाडग्याच्या बुडाशी पाठ खाली करून लटकलेला दिसतो. हे जाळे फ्रंटिनेला पिरामिटेला या कोळ्याचे आहे. वर वाडगा आणि खाली रुमाल अशा दुहेरी रचनेमुळे अमेरिकेत त्याचे बोलीतले नावही त्यावरूनच पडले आहे.

चित्र उलटे आहे हे ताडण्यासाठी कोळ्यांचा अभ्यासक असण्याची गरज नाही, कारण पुरावा चित्रातच आहे. दवाचे थेंब धाग्याच्या खालच्या बाजूला लोंबतात, या चित्रात ते वरच्या बाजूला फुगलेले आहेत. दुसरा पुरावा अधिक पक्का आहे. नेरिएने रॅडिएटा घुमटाच्या आत, म्हणजे खोलगट बाजूला, छताला चिकटल्यासारखा लटकतो. छापलेल्या चित्रातील कोळी मात्र फुगीर बाजूला, घुमटाच्या बाहेर आहे. हे दोन्ही कोळी ज्या कुळात मोडतात, त्यातील कोळी आपल्या जाळ्याच्या पृष्ठभागावर उभे राहून भक्ष्याची वाट पाहत नाहीत, ते त्याच्या खालच्या बाजूला लटकून राहतात. तेव्हा कोळी फुगीर बाजूला असेल, तर ती बाजू खालचीच असली पाहिजे. चित्र कसेही फिरवले तरी हा संबंध पुसला जात नाही, म्हणूनच ओळख पटवताना आधी तो पाहायचा असतो. कोळी पाठ खाली करून लटकलेला पाहून कुणीतरी सद्भावनेने त्याला ‘सरळ’ केले असावे, असा माझा अंदाज आहे.

हे जाळे काम कसे करते, याविषयीही लेखात एक दुरुस्ती हवी. ‘चिकट धाग्यांत माशी अडकते’ हे वाक्य चक्राकार जाळ्यांना लागू पडते, या जाळ्याला नाही. वाडग्याच्या वर आडव्यातिडव्या धाग्यांचे एक विरळ जंजाळ असते. उडणारे चिलट त्या धाग्यांना आपटते, तोल जाऊन खाली वाडग्यात पडते आणि तेथे चालता न आल्यामुळे धडपडू लागते. या धाग्यांना फारसा चिकटपणा नसतो. सारी भिस्त चिलटाच्या घसरण्यावर आणि कोळ्याच्या वेगावर असते. बुडाशी लटकलेला कोळी हादऱ्याच्या दिशेने धावतो, चादरीच्या आरपार चावा घेतो, विष भिनेपर्यंत पकड सोडत नाही, मग चादर फाडून भक्ष्य खाली ओढून घेतो. नंतर ते भोक तो दुरुस्त करतो. हे सारे इतक्या झटपट घडते की भिंगातून पाहणाऱ्यालाही चावा बहुधा झाल्यावरच कळतो. खालच्या सपाट चादरीचे प्रयोजन मात्र शिकारीपेक्षा संरक्षणाचे मानले जाते, म्हणजे खालून येणाऱ्या शत्रूला तिचा अडसर होतो.

आता कोळ्याच्या शरीराविषयी. लेखातील वर्णन ‘तपकिरी रंगाचा लहान कोळी’ एवढ्यावर थांबते, आणि हे वर्णन उत्तर अमेरिकेतील शेकडो प्रजातींना बसेल. फ्रंटिनेला पिरामिटेलाची लांबी सुमारे ४ मिलिमीटर असते, त्यात पायांची लांबी धरलेली नाही. शिरोवक्ष, म्हणजे डोके आणि छाती मिळून झालेला शरीराचा पुढचा भाग, तपकिरी असते. मादीचे उदर उंच, चकचकीत आणि गडद असून त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारख्या वळणाच्या पांढरट खुणा असतात. नराचे उदर सडपातळ असते. नेरिएने रॅडिएटा त्याच्याहून किंचित मोठा, त्याच्या शिरोवक्षाच्या कडा फिकट पांढऱ्या, आणि पिवळसर पांढऱ्या उदरावर गडद पट्टे असतात. राहण्याच्या जागाही थोड्या वेगळ्या. पहिला बहुधा उन्हातल्या झुडपांत, गवताळ कडांवर आणि पाइनच्या रोपांवर आढळतो, तर दुसरा दमट, सावलीच्या जंगलात आणि ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातल्या जुन्या दगडी बांधांच्या आसऱ्याने. जागेवरून ओळख ठरत नाही, पण शंका घ्यायला ती पुरेशी असते. आपल्या लेखात चित्र कोठे आणि कोणत्या महिन्यात टिपले याचा उल्लेख नसल्याने वाचकाला तेवढीही शंका घेता येत नाही.

लेखात आणखी एक विधान आहे, त्याला माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आता मोबाइलवर छायाचित्र काढले की ॲप प्रजाती सांगते, सूक्ष्मदर्शकाचे दिवस गेले’ असे लेखक म्हणतात. फ्रंटिनेलासारख्या, जाळ्यावरूनच ओळखू येणाऱ्या मोजक्या प्रजातींबाबत चांगले छायाचित्र खरोखरच पुरते; अट एवढीच की ते सरळ असावे. परंतु हा कोळी ज्या लिनिफिइडी कुळात मोडतो, ते कुळ उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठे असून त्यात साडेचार हजारांहून अधिक प्रजाती आहेत, त्यांपैकी नऊशेहून अधिक मेक्सिकोच्या उत्तरेकडील भागात सापडतात, आणि त्यांतील बहुसंख्य पालापाचोळ्यात राहणाऱ्या, दोन-तीन मिलिमीटरच्या, एकरंगी काळ्या किंवा तपकिरी आहेत. छायाचित्रावरून त्यांची प्रजाती सांगणे हा अंदाज असतो, खात्रीची ओळख नव्हे.

अशा कोळ्यांची ओळख कशी पटवतात ते थोडक्यात सांगतो. कोळी पूर्ण वाढ झालेला असावा लागतो, कारण पिलांवरून प्रजाती ठरवता येत नाही. नमुना सुमारे ७५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि त्याच कुपीत ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी टाकतात. चिठ्ठी हरवली की नमुन्याची किंमतही बरीचशी गेली. नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन पाल्प असतात. त्यांचे टोक मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखे फुगलेले असते आणि त्याच्या आत लहानमोठ्या कठीण पट्ट्या, आकडे आणि शुक्राणू सोडणारी बारीक नळी असते. या भागांची ठेवण प्रत्येक प्रजातीत वेगळी असते. पाल्पच्या बाजूला असलेला आकड्यासारखा एक छोटा तुकडा या कुळात विशेष उपयोगाचा ठरतो, आणि तो नीट दिसावा म्हणून नमुना भिंगाखाली अनेकदा कूस बदलून ठेवावा लागतो. मादीच्या बाबतीत उदराच्या खालच्या बाजूला असलेल्या जननद्वाराची कठीण चकती, तिला एपिगाइन म्हणतात, ती पाहायची. याखेरीज पायांवरचे काटे किती व कोठे, आणि पायाच्या शेवटून दुसऱ्या भागावरील हवेचा कंप टिपणारा एकुलता केस नेमका कोणत्या उंचीवर आहे, हेही मोजले जाते. या कुळातील कित्येक बुटक्या कोळ्यांच्या नरांचे डोके उंचवटे आणि खळगे असलेले, विचित्र घडणीचे असते, तोही एक भरवशाचा धागा. यांपैकी कोणती गोष्ट मोबाइलच्या चित्रात दिसेल, हे लेखकांनीच सांगावे.

जाळ्यात जो दिसेल तो त्या जाळ्याचा मालक, असेही गृहीत धरता येत नाही. फ्रंटिनेलाच्या मादीच्या वाडग्यात नर येऊन राहतो, आणि तो बारीक असल्यामुळे पाहणाऱ्याला वेगळ्याच प्रजातीचा किंवा पिलू वाटतो. स्टीव्हन ऑस्टाड यांनी १९८०च्या दशकात या नरांच्या झुंजींवर केलेले संशोधन प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. मादीसाठी नर किती वेळ लढतो, हे तिच्याकडून अजून किती लाभ, म्हणजे तिची किती अंडी फलित करणे, शिल्लक आहे यावर अवलंबून असते, असे त्यांनी दाखवले. कधी याच जाळ्यात त्रिकोणी उदराचा एक तिसराच कोळी सापडतो. तो वेगळ्या कुळातला, आयते भक्ष्य पळवणारा चोर असतो आणि प्रसंगी जाळ्याच्या मालकालाही मारून खातो.

लेखाच्या चौकटीत या कोळ्याचे नाव फ्रंटिनेला कम्युनिस असे दिले आहे आणि तो ‘अलीकडे वर्णन केलेला’ असल्याचे म्हटले आहे. (चौकटीतले नाव योग्य कोळ्याचे आणि चित्राखालचे दुसऱ्याचे, ही विसंगती मुद्रितशोधनात सुटली असावी.) ‘अलीकडे’ हा शब्द येथे बसत नाही. लंडनमध्ये जन्मलेले चित्रकार जॉन ॲबट १७७३ साली व्हर्जिनियात आले, पुढे जॉर्जियात स्थायिक झाले आणि तेथील कीटकांची व कोळ्यांची असंख्य रंगीत चित्रे त्यांनी काढली. फ्रान्समधील कोळ्यांचे अभ्यासक वाल्केनेर यांनी त्या चित्रांच्या आधारे अनेक प्रजातींना नावे दिली. ‘पिरामिटेला’ हे नाव १८४१ मधले. प्रत्यक्ष नमुना समोर नसताना, निव्वळ चित्रावरून दिलेली ही नावे मानायची की नाही, यावर पुढे अभ्यासकांत बराच काळ एकमत नव्हते. अमेरिकेतील कोळ्यांचे पहिले मोठे अभ्यासक निकोलस हेन्ट्झ यांनी ‘कम्युनिस’ हे नाव १८५० साली प्रसिद्ध केले. दोन्ही नावे एकाच कोळ्याची मानली, तर प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार आधीच्या नावाला प्राधान्य मिळते. आता पिरामिटेला रूढ असले, तरी शोधनिबंध दोन्ही नावांनी विखुरलेले आहेत, त्यामुळे जिज्ञासू वाचकाने माहिती शोधताना दोन्ही नावे वापरावीत.

ओळख चुकली तर बिघडते कोठे, असे कुणी विचारेल. अमेरिकेतील मेन या राज्यात त्याचे उत्तर मिळते. युरोपातील लिनिफिया ट्रायँग्युलॅरिस हा याच कुळातील, आकाराने मोठा कोळी गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे आढळला आणि अकेडिया राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात त्याने चांगलेच बस्तान बसवले. तो स्थानिक फ्रंटिनेलाच्या जाळ्यात शिरतो आणि मूळ मालकाला जाळे सोडायला लावून ते बळकावतो, असे अभ्यासातून दिसले आहे. वाडग्यात फ्रंटिनेला बसला आहे की हा पाहुणा, हे पाहणाऱ्याला कळले नाही, तर स्थानिक कोळी कोठे टिकून आहे याची नोंदच खोटी ठरते. सुदैवाने येथे फरक सोपा आहे. पाहुण्याच्या शिरोवक्षावर दोन टोकांच्या चिमट्याच्या आकाराची गडद खूण असते. पण ती पाठीवर आहे, आणि कोळी लटकतो पाठ खाली करून. म्हणून छायाचित्र जाळ्याच्या वरून काढले तर ही खूण दिसतच नाही. कॅमेरा खाली, दोन चादरींच्या मधल्या जागेत न्यावा लागतो.

माझी विनंती एवढीच आहे. पुढील रविवारी तेच छायाचित्र सरळ करून, योग्य नावासह, निदान दोन स्तंभांच्या रुंदीत पुन्हा छापावे. दुरुस्तीची दोन ओळींची टीप पुरेशी होणार नाही, कारण वाचकाच्या लक्षात चित्र राहते. आणि यापुढे अशा प्रत्येक चित्राखाली ठिकाण, महिना, प्राण्याची लांबी मिलिमीटरमध्ये, आणि चित्राची वरची बाजू कोणती हे छायाचित्रकाराकडून विचारून घेऊन छापण्याची पद्धत ठेवावी.

आपला,
एक वाचक