रोमन नाण्याची पॅटिना (जुन्या धातूवर काळाने चढलेला थर) न विचारता काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
नाणी सफाई व जतन विभाग

विषय : थोरल्या अग्रिपिनाच्या (रोमन सम्राट कॅलिग्युलाच्या आईच्या) सेस्टर्शियस या रोमन नाण्याचं झालेलं नुकसान

महोदय,

गेल्या महिन्यात मी हे नाणं तुमच्याकडे दिलं, तेव्हा पावतीवर लिहून घेतलं होतं, ‘कडेच्या दोन हिरव्या ठिपक्यांवरच उपाय करावा.’ क्लोराइडमुळे होणारा कांस्यरोग, म्हणजे धातू पोखरणारी हिरवी झीज, पसरत जातो, म्हणून घरी हात न लावता तुमच्याकडे आलो. काल नाणं परत मिळालं ते पिवळंधमक. ठिपके गेले, पण सगळी शेवाळी पॅटिनाही गेली. वजन २६.४ ग्रॅम होतं, ते २५.७ भरलं.

सेस्टर्शियसला आपण सरसकट कांस्य म्हणतो, पण त्या काळी ते तांबं आणि जस्ताच्या मिश्रणातून, म्हणजे पितळेतूनच पाडत. आम्लात बुडवलं की पिवळं निघणारच. हे तुमच्या कारागिराला माहीत असायला हवं होतं.

हे नाणं कॅलिग्युलाने आईच्या स्मरणार्थ काढलं. आधीचा सम्राट टायबेरियस याने तिला पांडातेरिया बेटावर हद्दपार केलं होतं, तिथेच ती इ.स. ३३ मध्ये वारली. ३७ मध्ये मुलगा सम्राट झाला आणि स्वतः समुद्रातून जाऊन तिच्या अस्थी घेऊन आला, रोममध्ये ऑगस्टसच्या समाधीत ठेवल्या. नाण्याच्या मागे दोन खेचरांचा छताचा रथ आहे आणि ‘अग्रिपिनाच्या स्मृतीस’ असा लेख आहे. पुढच्या बाजूला तिचा चेहरा, पाठीवर वेणी. मानेवर रुळणारी बट माझ्या नाण्यावर केसाकेसाने दिसायची, कारण खोलगट भागात पॅटिना गडद होती. आता भिंगातूनही बट आणि मान वेगळी काढता येत नाही. २२ वर्षं मी हे नाणं सांभाळलं, कधी साधा ब्रशही फिरवला नाही.

फोनवर तुमच्या माणसाने ‘पुन्हा काळपट रंग चढवून देतो’ असं सांगितलं. कृपा करून तसं काही करू नका. तो रंग खोटा, आणि त्याने उरलेली रेषही बुजेल.

कोणतं रसायन, किती वेळ वापरलं हे मला लेखी कळवा. पुढच्या जतनासाठी ते लागणार आहे. सफाईचे पैसे परत करा आणि नाण्याची किंमत जितकी घटली तितकी भरपाई द्या. आधीचे व आताचे फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक नाणेसंग्राहक, पुणे