सिकलसेलची तपासणी फलियापर्यंत न्या

संपादक महोदय,

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. इंदूरहून झाबुआ, अलीराजपूर काही तासांवर. तिथल्या फलियांत, म्हणजे आदिवासी वस्त्यांत, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. सॉल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीत वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला) कोण आणि रुग्ण कोण, हे कळत नाही. नमुना हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या एचपीएलसी यंत्राकडे, म्हणजे वीज आणि तंत्रज्ञ असलेल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. अहवाल येईपर्यंत माणूस मजुरीला गुजरातेत निघून गेलेला असतो!

बोटातल्या रक्ताच्या थेंबावर, विजेशिवाय, काही मिनिटांत हा फरक सांगणारी किट आता मिळतात. ती फलियापर्यंत जावीत, तीही होळी आणि भगोरिया या आदिवासी जत्रेच्या दिवसांत, जेव्हा माणसे गावी असतात. (उद्घाटनाचे फोटो नंतर काढता येतील.) मात्र मे महिन्याच्या उन्हात किट जीपमध्ये तापत पडली, तर निकालावर भरवसा कसा ठेवायचा? थंड जागेत साठवण्याची सोय आधी करा.

आणि निदान झालेल्या मुलाच्या आईला नुसते कार्ड देऊ नका. हायड्रॉक्सीयुरिया हे या आजारावरचे औषध जवळच्या आरोग्य केंद्रात दर महिन्याला मिळायला हवे.

– एक वाचक, रामबाग, इंदूर