बाबा, जमिनीचा संचकार (विसार) घेण्याआधी एवढं वाचा

प्रिय आई-बाबा,

तुम्हा दोघांना सलाम.

फोनवर हे बोलणं जमेना, विषय काढला की बाबा "बघू या की" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. आई, चष्मा लावून बाबांना मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

खानापूरकडच्या जमिनीबद्दल लिहितेय. कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेला, बाहेरून आलेल्या त्या प्रचारक ब्रदरनी बाबांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की देवानं मला दाखवलंय, ती जमीन तुमचा आशीर्वाद अडवून बसलीय, महिन्याच्या आत विका, पैसा सेवेला द्या आणि पोरांना आधी सांगू नका, त्यांचा विश्वास कच्चा आहे. आई बोलली नसती तर मला पत्ताच लागला नसता.

देव आजही बोलतो हे मी मनापासून मानते, तुमच्याच मांडीवर बसून शिकले ते. पण ज्या पवित्र शास्त्रात संदेष्टे आहेत त्याच शास्त्रात योहानानं पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, ते देवापासून आहेत की नाहीत ह्याची परीक्षा करा. मग परीक्षा केली तर देवाचा अपमान होतो असं जे त्या मीटिंगमध्ये सांगितलं गेलं ते कुठल्या आधारावर? बिरुया गावच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासून बघितलं आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे.

बाबा, जमिनीचाच विषय आहे तर यिर्मयाचा ३२ वा अध्याय काढा. यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे आणि देव त्याला सांगतो की तुझा चुलतभाऊ हानामेल येईल आणि अनाथोथचं शेत विकत घे म्हणेल. एवढा मोठा संदेष्टा, पण तो लगेच उठून पैसे मोजायला लागला नाही. हानामेल खरंच आला, तेच बोलला, तेव्हा यिर्मया म्हणतो की आता मला कळलं, हे परमेश्वराचं वचन होतं. आणि मग व्यवहार कसा केला बघा, १७ शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं, खरेदीखतावर सही-शिक्का, साक्षीदार हजर, चौकात बसलेल्या सगळ्यांच्या देखत, आणि कागद आपल्या लेखनिक बारूखकडून मातीच्या भांड्यात ठेवून घेतले म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कुणापासून लपवाछपवी नाही. आपल्याला मात्र कुणाला सांगू नका म्हणून बजावलंय.

ही गुप्ततेची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. तुम्ही सेंट पॉल्सला शिकलात ना, तिथले फादर ज्या जेझुइट संघाचे तो काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलानं आत्मे ओळखायचे नियम लिहून ठेवलेत, त्यात एक हाच आहे, की सैतानाला आपलं बोलणं गुप्त राहायला हवं असतं, जाणत्या माणसाला सांगितलं की त्याचा डाव फसतो. आपण मेथडिस्ट, ते कॅथलिक, पण हे शिकण्यात काय अडचण आहे? आणि आपला मेथडिस्ट पंथ सुरू करणारे वेस्लीसाहेबही हेच म्हणायचे, स्वप्नं, आवाज, दृष्टांत घाईनं देवाच्या नावावर खपवू नका, शास्त्राला लावून बघा.

इग्नेशियसला हे सुचलं ते अंथरुणावर. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला, पडून राहायला लागलं, मन कधी सरदारकीच्या स्वप्नात तर कधी येशूमागं जायच्या विचारात. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटायचे, पण पहिला गेला की मन कोरडं पडायचं, दुसरा गेला तरी आनंद मागं राहायचा. पुढं त्यानं लिहिलं की देवाकडं चाललेल्या माणसाच्या मनात चांगला आत्मा स्पंजवर पाण्याचा थेंब पडावा तसा शिरतो आणि वाईट आत्मा दगडावर पडल्यासारखा, आवाज करत. आता मीटिंगनंतरचे दिवस आठवा बाबा. आई सांगते तुम्ही रात्री दोनला उठून व्हरांड्यात फिरता, जेवता जेवता ताट सरकवता, "देव कोपेल" म्हणता. ही भीती आहे, प्रभूची शांती नाही.

आणि काका गेल्यापासून तुमचं मन थाऱ्यावर नाही हे मला माहितीय. चर्चमध्ये पुढं उभं राहून गीत धरायचं तुम्ही सोडलंत, मागच्या बाकावर बसून अर्ध्यात निघून येता. प्रार्थनेला बसलं तरी वर काही पोचत नाही असं वाटतंय म्हणालात ना आईजवळ? तो दुष्काळ देवाच्या माणसांनाही येतो, त्यात पाप नाही. पण त्याच इग्नेशियसचा पक्का नियम आहे की मन असं उदास असताना कुठलाही बदल करायचा नाही, बरे दिवस असताना जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहायचं. बरे दिवस असताना तुमचं आणि काकांचं काय ठरलं होतं? जमीन ठेवायची, भात लावत राहायचं.

द्यायचंच असेल तर द्या की, मी आडवी येणार नाही, तुमच्या कष्टाचं आहे. पण जमीन विकून थोडा पैसा लपवून ठेवणाऱ्या हनन्याला प्रेषित पेत्र काय म्हणाला तेही वाचा, जमीन होती तोवर तुझीच होती ना, विकल्यावरही पैसा तुझ्याच ताब्यात होता ना. जबरदस्ती कुठंच नव्हती, हनन्याचं पाप खोटं बोलण्यात होतं. देवाला दिलेलं दान खुशीनं असतं, महिन्याची मुदत लावून आणि शापाची भीती घालून नाही.

मी शुक्रवारी रात्रीच्या बसनं निघते. पाळकसाहेबांशी बोललेय, ते रविवारी उपासनेनंतर घरी येतील, दादालाही बोलवलंय, सगळे मिळून प्रार्थना करू आणि मग ज्याला जे वाटतं ते उघड बोलू, बाबा तुम्हीसुद्धा. त्या ब्रदरनाही बोलवा, देवाचं असेल तर आमच्यासमोर सांगायला त्यांची हरकत नसावी. तोवर त्या एजंटचा संचकार घेऊ नका आणि आई, उतारा आणि बाकीचे कागद तुझ्या कपाटात ठेव, मागितले तरी रविवारपर्यंत देऊ नको.

तुमची,
बेबी