कुशच्या बाजूने बघ

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ब्रिटिश म्युझियममधून तू ऑगस्टसच्या ब्राँझच्या डोक्याचा फोटो पाठवलास आणि खाली नुसतं "डोळे बघ" एवढंच लिहिलंस. डोळे आहेतच तसे, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते डोकं सापडलं कुठे हे, आणि ते मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय. ते रोममध्ये नाही सापडलं आणि इजिप्तमध्येही नाही. सापडलं सुदानमध्ये, मेरोई नावाच्या जुन्या राजधानीत, १९१० साली, एका देवळाच्या पायऱ्यांखाली पुरलेलं. म्हणजे आत जाणारा प्रत्येक जण रोमच्या सम्राटाला तुडवूनच वर चढणार अशी सोय. ही सोय केली कुशच्या लोकांनी.

शाळेत आपल्याला इजिप्त म्हटलं की पिरॅमिड आणि ममी, पण नाईलच्या वरच्या अंगाला, दक्षिणेकडे कोण राहत होतं हे कोणी सांगत नाही. तिथे न्युबिया, आणि न्युबियात कुशचं राज्य. त्याच्याबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं त्यातलं बरंचसं शेजाऱ्यांनी लिहिलंय आणि शेजारी कायम भांडणातले, त्यामुळे इजिप्तच्या शिलालेखात कुशचं नाव आलं की आधी "नीच" हे विशेषण ठरलेलं. पण तू त्यांनी लिहिलं काय ते बघू नकोस, त्यांनी केलं काय ते बघ. सेनुस्रेत तिसरा या राजाने ख्रिस्तपूर्व एकोणिसाव्या शतकात न्युबियातल्या सेम्ना या सरहद्दीच्या ठिकाणी दगड लावला की इथून पुढे व्यापाराशिवाय कुणाही न्युबियन माणसाने नावेने किंवा पायी उत्तरेकडे यायचं नाही, आणि नदीकाठी एकामागोमाग एक मोठमोठे किल्ले बांधले. एवढी तटबंदी काय कुणी किरकोळ शेजाऱ्यासाठी करतं का?

माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे एक पकडलेलं पत्र. ख्रिस्तपूर्व १५५० च्या आसपास उत्तर इजिप्तवर हिक्सोस या परक्या राजांचं राज्य, दक्षिणेला कुश आणि मधे थीब्ज या इजिप्शियन शहराचा राजा कामोस अडकलेला. हिक्सोसांच्या राजाने कुशच्या राजाला निरोप धाडला की तू उत्तरेला ये, आपण दोघं मिळून इजिप्तची गावं वाटून घेऊ, तो जासूद वाळवंटातल्या वाटेवर कामोसच्या माणसांच्या हाती लागला आणि कामोसने ते पत्र चक्क दगडावर कोरून ठेवलं. कुशची ताकद किती होती हे असं शत्रूच्याच दगडावरून कळतं. त्यांची तेव्हाची राजधानी केर्मा, तिथलं कच्च्या विटांचं भलंमोठं देऊळ अजून उभं आहे, जवळजवळ अठरा मीटर उंच.

पुढे इजिप्तने केर्मा जिंकलं आणि काही शतकं कुशवर इजिप्तचा सुभेदार राहिला, सोनं उत्तरेकडे जात राहिलं. पण मग चक्र उलटं फिरलं. ख्रिस्तपूर्व ७३० च्या सुमाराला कुशच्या तेव्हाच्या राजधानीचा, नापाताचा राजा पिये सैन्य घेऊन उत्तरेला गेला आणि इजिप्तचे राजे त्याच्यापुढे नमले. त्याचा विजयलेख त्याचा स्वतःचा, आणि त्यातला मला सगळ्यात भावलेला भाग घोड्यांचा. एक शहर शरण आल्यावर तो तिथल्या राजाच्या तबेल्यात गेला तर घोडे उपाशी, वेढ्यात त्यांना चारा मिळालेला नाही, आणि तो चिडून म्हणतो की तुझ्या बाकीच्या सगळ्या अपराधांपेक्षा मला हे जास्त लागलं. बोलण्यापुरतं नव्हतं ते. एल-कुर्रूला त्यांच्या राजांच्या पिरॅमिडजवळ घोडे पुरलेत, तेही उभे.

त्याच्या घराण्यातला तहार्का सगळ्यात मोठा, पण त्याच्याच काळात अश्शूर हे इराकच्या बाजूचं साम्राज्य इजिप्तवर चालून आलं. ख्रिस्तपूर्व ६७१ मध्ये इजिप्तमधलं मेम्फिस शहर हातचं गेलं, तहार्का वारल्यावर ६६३ मध्ये थीब्ज लुटलं गेलं आणि कुशचे राजे माघारी आपल्या मुलखात आले. संपले मात्र नाहीत, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण पुस्तकं इथेच पान उलटतात. ख्रिस्तपूर्व ५९३ मध्ये इजिप्तच्या साम्तिक दुसऱ्याने स्वारी केली. केर्माजवळ २००३ मध्ये एका खड्ड्यात कुशच्या राजांचे सात पुतळे सापडले, फोडलेले पण तुकडे नीट जपून पुरलेले, आणि ती फोडाफोड त्या स्वारीतली असावी असं मानतात. हे राज्य त्यानंतरही आठ-नऊशे वर्षं चाललं, राजधानी दक्षिणेला मेरोईत. स्वतःची लिपी, स्वतःचा सिंहमुखी देव अपेदेमाक, आणि राज्यकारभार करणाऱ्या राण्या.

त्यातल्याच एका राणीच्या काळात, ख्रिस्तपूर्व २५ च्या सुमारास, कुशच्या फौजेने तोवर रोमच्या ताब्यात गेलेल्या इजिप्तमधल्या आस्वानवर धाड घातली आणि सम्राटाचे पुतळे उखडून नेले. तू बघितलंस ते डोकं त्या लुटीतलं. रोमचा इजिप्तमधला अधिकारी पेट्रोनियस याने सूड म्हणून नापाता लुटलं, तरी राणी पुन्हा चालून गेली. शेवटी तिचे दूत सामोस बेटावर ऑगस्टसला भेटले आणि त्याने कुशवर बसवलेली खंडणी माफ केली. स्त्राबो हा ग्रीक लेखक तिचं वर्णन करताना पुरुषी होती, एका डोळ्याने आंधळी होती असं लिहितो, नाव मात्र देत नाही, फक्त कंदाके ही कुशच्या राण्यांची पदवी. ती बहुतेक अमानिरेनास.

मला खरा राग येतो तो अलीकडच्या शिकल्यासवरल्या लोकांचा. जॉर्ज राइसनर हा अमेरिकन संशोधक, खोदकामात अत्यंत काटेकोर माणूस, त्याने केर्माच्या राजांच्या प्रचंड समाध्या स्वतः उकरल्या आणि ठरवलं की या इजिप्शियन सुभेदारांच्या असणार, काळ्या लोकांना हे जमायचं नाही. पुरावा समोर पडलेला असताना! हे चूक आहे हे सर्वमान्य व्हायला कित्येक वर्षं गेली. त्याच्याही आधी १८३४ मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने खजिन्यासाठी मेरोईचे पिरॅमिड फोडले, आणि राणी अमानिशाखेतोचे दागिने त्यामुळे आज म्युनिक आणि बर्लिनमध्ये आहेत. आणि आता एप्रिल २०२३ पासूनच्या युद्धात खार्तूमचं राष्ट्रीय म्युझियमही लुटलं गेलं, ही बातमी वाचून मला फार वाईट वाटलं गं.

तुझ्या बॅचमध्ये सुदानची एक मुलगी आहे म्हणालीस ना, तिच्याशी बोल. २०१९ च्या आंदोलनात तिथली मुलं-मुली रस्त्यावर घोषणा देत होती की आमचा आजोबा तहार्का आणि आमची आजी कंदाका, म्हणजे तीच कंदाके, आणि पुढे उभ्या राहणाऱ्या बायकांना लोक कंदाकाच म्हणत होते. तिच्या घरी या राजा-राण्यांबद्दल काय सांगतात, शाळेत किती शिकवलं, हे विचार आणि मला कळव. तिच्या घरची माणसं कुठे आहेत, सुखरूप आहेत ना, हे आधी विचार.

तुझी,
आई