खेकड्याची ओळख करून देणाऱ्या काकांना

ती. काकांना सा. न. वि. वि.

परवा दिल्लीहून बडोद्याला परतलो. तोंडी आभार मानायला आले तर "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा टाकायला उठाल, म्हणून लिहितेय.

राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 'सर लेस्ली विल्सन' हे जुनं विजेचं इंजिन, म्हणजे तुमचा खेकडा, दिसताच धाकटा माझा हात सोडून पळाला आणि चाकं जोडणारा दांडा दाखवून ओरडला, "आई, डब्याची झाकणं!" आजूबाजूच्यांना काही कळलं नाही. मला मात्र दांडिया बाजारातला तुमचा ओटा दिसला. तुपाच्या डब्यांची तीन झाकणं, त्यांना टाचणीनं अडकवलेली कुल्फीची काडी. एक फिरवलं की तिन्ही फिरतात.

बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला धावली, हे पाठ करून घेणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही मुलांना भोर घाटातला रेल्वेचा चढ मोजायला लावलात. गल्लीत 37 फूट मोजले, टोकाला फूटभर उंच डबा ठेवला आणि सुतळी ताणली. "एवढाच चढ?" म्हणून ताईचा चेहरा पडला. तुम्ही हसला नाहीत. लोखंडी रुळावर लोखंडी चाक किती सहज घसरतं, ते तेल लावलेल्या ताटावर वाटी ठेवून दाखवलंत. पाच वर्षांच्या मुलाला खरं उत्तर द्यायचं, सोपं म्हणून खोटं सांगायचं नाही, हे मी तुमच्याकडूनच पाहिलं.

आणि तो आवाज! कामगार ज्याला 'खेकडा' म्हणत, ते इंजिन उभ्या उभ्या कण्हायचं. कल्याणला नोकरीत असताना ऐकलेलं ते कण्हणं तुम्ही घशातून काढलंत. स्टेशनात न थांबता मालगाडी गेली की कान दाबून माझ्या पदराआड शिरणारा हा मुलगा आता स्वतःच तसं कण्हत घरभर फिरतो. दिल्लीत त्याला एकच वाईट वाटलं, खेकडा गप्प होता.

येताना खिडकीतून वरची तार बघत त्यानं समोरच्या आजींना समजावलं, "पाटीवर पेन्सिल एकाच जागी घासली तर खड्डा पडतो ना, म्हणून तार नागमोडी. इंजिनाच्या टपावरून तारेतली वीज घेणाऱ्या पेंटोग्राफची पट्टी सगळीकडे सारखी झिजते." शब्द तुमचेच होते, काका.

काका, मनापासून आभार. मोडक्या छत्रीच्या काड्या त्यानं जमवून ठेवल्यात. रविवारी पेंटोग्राफ करायचं तुम्ही कबूल केलंय म्हणे. येताना काकूंनाही आणा, पुरणपोळी करतेय.

तुमची,
समोरच्या वाड्यातली सूनबाई