गुलामांची जोडी आणि रत्नागिरीचे काका

प्रिय काका,
सादर नमस्कार.

तुम्हाला न विचारता तुमचं नाव इथे लिहिणं बरं दिसत नाही. पण पणजीला मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोत, शनिवारच्या पोकर स्पर्धेत, माझ्या डावीकडे तिसऱ्या खुर्चीत बसलेले, चष्मा कपाळावर सरकवून पत्ते बघणारे काका म्हटलं की तुम्ही स्वतःला ओळखालच. त्या रात्री निघायच्या गडबडीत मी फक्त "थँक यू काका" म्हणाले. तेवढ्यानं भागत नाही, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं होतं. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड, कारण तुम्ही सांगितलेलं माझ्यासारख्या आणखी कुणाला तरी उपयोगी पडेल.

मी पोकर शिकले फोनवर. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद झाले, तोवर खऱ्या टेबलावर मी एकदाही बसले नव्हते. गोव्याची ही माझी पहिलीच स्पर्धा. तिसऱ्याच तासात तो डाव आला.

ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीनं लावायच्या चिप्स, २००–४००. त्यावर मोठ्या ब्लाइंडवाल्याचा ४०० अँटी, म्हणजे सगळ्या टेबलातर्फे टाकायची जादा भर. माझ्यापुढे ३०,००० चिप्स. हातात इस्पिक आणि चौकटचा गुलाम. माझ्याआधी दोघांनी नुसते ४०० टाकले होते, मीही ४००च टाकले. मनात एवढंच होतं की या जोडीनं मला आजवर फार रडवलंय, आधी फ्लॉप, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणारे पहिले तीन पत्ते, बघू, मग ठरवू. फ्लॉप बघायला आम्ही सहा जण होतो. बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर चौकी. माझी जोडी टेबलावरच्या सगळ्या पत्त्यांपेक्षा मोठी. मी ८०० लावले, तिघांनी कॉल केलं, म्हणजे तेवढेच भरले. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, बदाम राणी. मोठ्या ब्लाइंडवाल्यानं ४,००० लावले, मी भरले. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, दुर्री आली, त्यानं ९,००० लावले आणि मी तेही भरले. त्याच्याकडे बदामाची छक्की-तिर्री होती, म्हणजे टेबलावरचे धरून पाच बदाम, आणि त्यापुढे जोडी हरते. ज्या हातावर त्यानं एरवी नजरही टाकली नसती, त्या हातानं तो फुकटात फ्लॉपपर्यंत आला होता आणि त्याला फुकटात येऊ देणारी मीच होते. माझ्याकडे १५,८०० उरले.

शेजारचा म्हणाला, "बॅड लक." तुम्ही काहीच बोलला नाहीत. डाव चालू असताना दुसऱ्याच्या पत्त्यांबद्दल बोलायचं नाही हा नियम सगळेच पाळतात, पण तुम्ही डाव संपल्यावरही, टेबलावर बसलेलो असेतो, अवाक्षर काढलं नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मात्र ताट घेऊन समोर आलात आणि विचारलंत, "अगं, आठशे का लावलेस?"

मला उत्तर देता आलं नाही. "त्यांनी जावं म्हणून लावलेस की राहावं म्हणून?" त्यालाही उत्तर नव्हतं. काका, इतकी वर्षं खेळतेय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला कधी विचारला नव्हता. गुलामांची जोडी घाबरून खेळावी की अंगावर जाऊन, एवढंच मी धरून बसले होते.

मग तुम्ही कागदी नॅपकिनवर हिशेब मांडलात. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, २,८००, माझे ८००. कॉल करणाऱ्याला ३,६०० जिंकायला ८०० घालायचे, म्हणजे १८ टक्के वेळा जिंकला तरी त्याचं भागलं. त्याला न दिसलेले पत्ते ४७, त्यांत बदाम ९, म्हणजे पुढच्या एकाच पत्त्यावर १९ टक्के. "तू त्याला पत्ता विकलास, तोही त्याला परवडेल अशा भावात," तुम्ही म्हणालात. २,००० लावले असते तर त्याला २९ टक्के लागले असते आणि त्याचा कॉल नुकसानीचा ठरला असता. त्याच्याही आधी, दोघं आत आलेले दिसत असताना मी २,४००पर्यंत वाढवायला हवं होतं, म्हणजे छक्की-तिर्री तिथेच गेली असती. एका अनोळखी हातासमोर गुलामांची जोडी सुमारे ७७ टक्के वेळा जिंकते, पाच हातांसमोर जेमतेम एक तृतीयांश. हे आकडे मी आधीही वाचले होते. गर्दी मीच जमवली होती, हे मात्र तुमच्या नॅपकिनवर दिसलं.

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते कुठल्याच व्हिडिओत मिळालं नसतं. "मेंढीकोट खेळतेस ना?" मी आजीबरोबर लहानपणापासून खेळलेय. तिथे सगळा खेळ दश्शीसाठी, आणि तिला मारायला एक्का, राजा, राणी, गुलाम असे चौघं टपलेले. ज्याच्याकडे दश्शी असते तो ती मोठी आहे म्हणून मिरवत नाही आणि भिऊन शेवटपर्यंत दाबूनही ठेवत नाही. वरचे पत्ते कुठे गेले ते मोजतो, जोडीदाराचा हात बनतोय असं दिसलं की टाकतो. "गुलामाचं तसंच. वर तिघंच आहेत, पण फ्लॉपवर त्यांतलं कुणी ना कुणी ५७ टक्के वेळा येणारच. निम्म्याहून जास्त वेळा येणाऱ्या पाहुण्याचं आश्चर्य कसलं वाटून घ्यायचं?" मी तो डाव फ्लॉपवर मोठी जोडी म्हणून खेळले आणि रिव्हरवरही तीच मोठी जोडी म्हणून खेळले. मधे तिसरं बदाम आलं, तिघं अजून आत होते, आणि त्यांतल्या एकानं आपणहून ४,००० पुढे केले होते. माझे पत्ते तेच होते, पण त्यांचा भाव उतरला होता आणि मी जुन्याच भावानं पैसे भरत होते.

तुमचा सगळ्यात मोठा आधार मात्र मला रात्री झाला, आणि तेव्हा तुम्ही खेळातून बाहेर पडला होतात. ४७ जण उरले होते, बक्षीस ४५ जणांना. प्रत्येक टेबल एक डाव खेळून बाकीच्यांसाठी थांबत होतं. ब्लाइंड ३,०००–६,०००, माझ्याकडे दीड लाख, म्हणजे २५ मोठे ब्लाइंड. पुन्हा गुलामांची जोडी. पहिल्याच जागेवरून एकानं १३,००० केले आणि त्याच्यामागे टेबलावरच्या सगळ्यात जास्त चिप्सवाल्यानं ऑल-इन म्हटलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या.

दुपारची मी असते तर कॉल केला असता, एवढे चांगले पत्ते टाकायचे कसे म्हणून. पण सुट्टीत तुम्ही बबलचं, म्हणजे बक्षिसाच्या अगदी उंबरठ्यावरचं, गणितही समजावलं होतंत. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही, गेल्या तर मात्र सगळाच जातो. आयसीएम म्हणजे हेच, असं तुम्ही म्हणाला होतात. पहिल्या जागेवरून रेज, म्हणजे वाढवलेली रक्कम, आणि त्यावर ऑल-इन, या दोघांसमोर माझी जोडी किती वेळा पुढे असेल? मी पूर्ण वेळ घेतला, मोजलं आणि पत्ते टाकले. रेज करणाऱ्यानं कॉल केलं. त्याच्याकडे एक्का-राजा, दुसऱ्याकडे राण्यांची जोडी. फ्लॉपला गुलाम आला.

मी मान वर केली तेव्हा तुम्ही कठड्याशी उभे होतात. माझे पत्ते तुम्हाला दिसले नव्हते, पण चेहऱ्यावरून सगळं कळलं असावं. तुम्ही मान डोलावलीत, बस. एक्का-राजावाला बाहेर पडला. राण्या आणि एक्का-राजा समोर असताना पाचातली एक वेळही माझी नव्हती, हे मी हॉटेलवर जाऊन मोजलं. त्या क्षणी फक्त तुमची मान हलताना दिसली आणि पुढच्या डावाचे पत्ते मी स्थिर हातानं उचलले.

मी ३८वी आले. शेवटी १८ ब्लाइंड, हातात पुन्हा गुलाम, समोर एक्का-राणी आणि रिव्हरला राणी. तो ऑल-इन मी उद्याही तसाच करेन. बक्षीस म्हणाल तर प्रवेश फीपेक्षा थोडंसंच जास्त मिळालं, पण तुम्ही बजावल्याप्रमाणे ती फी मी गेली असं धरूनच भरली होती.

आणखी एक. त्या टेबलावर मी एकटी बाई होते. मी डाव हरल्यावर दोघांनी मला न विचारता सल्ले दिले. तुम्ही आधी "बोललो तर चालेल का?" असं विचारलंत. ते मी विसरणार नाही.

नॅपकिनवर आमटीचा डाग आहे, पण आकडे अजून वाचता येतात. मे महिन्यात रत्नागिरीला येतेय, तेव्हा घेऊन येते. काकूंना नमस्कार सांगा, आणि संध्याकाळी मेंढीकोटाला चार जण जमवून ठेवा. जोडीदार म्हणून मला तुमच्याच समोर बसवा.

तुमची,
उजवीकडून तिसरी